प्रवेशाच्या आधीची परीक्षा

दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत आपल्या हॉस्टेलच्या गेटवर एक चित्र हमखास दिसतं. पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, शेजारी नुकतीच मिसरूड फुटलेला मुलगा आणि त्याचे वडील. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं. ऑफिसमध्ये काही विचारलं की वडील मुलाकडे बघतात आणि मुलगा वडिलांकडे! आपण गॅलरीत उभे राहून हे बघतो आणि थोडं हसतोसुद्धा.

चार वर्षांपूर्वी त्या गेटवर मी उभा होतो. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही.

पण हा लेख गेटपर्यंत आलेल्यांबद्दल नाही. जे येऊ शकत होते आणि आलेच नाहीत, त्यांच्याबद्दल आहे. आणि त्यांच्यासाठी आपण हॉस्टेलवाले काय करू शकतो, याबद्दल आहे.

पहिली पिढी म्हणजे कोण?

ज्याच्या आईवडिलांपैकी कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, तो 'पहिल्या पिढीचा विद्यार्थी'. आता यात एवढं विशेष काय, असं कुणाला वाटेल. फरक हुशारीचा नसतो, माहितीचा असतो. ज्याचा मोठा भाऊ किंवा काका इंजिनिअर आहे, त्याला कितीतरी गोष्टी जेवताना गप्पांतच कळतात. नॉन-क्रिमिलेअर कधी काढायचं, ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, बॅकलॉग राहिला तर जग बुडत नाही, सरांच्या केबिनमध्ये शंका घेऊन जाता येतं, वगैरे. आपल्यासारख्याला यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी वेगळं सांगावं लागतं. आणि सांगणारा भेटला नाही तर?

अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. तिथे शाळा संपल्यावर कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेली, कधी कधी प्रवेशही मिळालेली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी 'विरघळून' जातात आणि कॉलेज सुरू होतं तेव्हा वर्गात दिसतच नाहीत. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या दोन संशोधकांनी २०१४ साली यावर पुस्तक लिहिलं. वेगवेगळ्या भागांत अशा मुलांचं प्रमाण १० ते ४० टक्के आढळलं, आणि त्यात गरीब घरांतली मुलं जास्त. कारणं काय? फॉर्म कळला नाही, तारीख चुकली, पैशाचं पत्र समजलं नाही, विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी एक साधा उपाय करून पाहिला. मुलांच्या मोबाईलवर वेळच्या वेळी आठवणीचे मेसेज पाठवले आणि अडलं तर बोलायला एक माणूस दिला. खर्च दर मुलामागे सुमारे ७ डॉलर. एवढ्यानंही काही गावांत कॉलेजला पोचणाऱ्यांची संख्या वाढली.

हे वाचलं तेव्हा मला अमेरिका आठवली नाही. माझा मित्र आठवला.

माझा मित्र

आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर. त्याच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा कोकणाकडे निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. हा गावात आजीपाशी राहून शिकला. गणितात तो माझ्यापेक्षा केव्हाही पुढे. सीईटीला मला ८४ पर्सेंटाईल, त्याला ९१.

तो भटक्या जमातीच्या प्रवर्गातला. जातीचा दाखला शाळेतल्या शिबिरात मिळाला होता. पण जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला आपण नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतो, ते नव्हतं. अकरावीत नोटीस लागली होती. त्यानं घरी विचारलं. वडील म्हणाले, "आजोबाचा शाळेचा दाखला मागत्यात म्हणं. म्हातारा शाळंत गेलाच न्हाई, तर दाखला कुठला आणायचा?" विषय तिथंच संपला. अर्जच केला नाही, म्हणून पावतीही नाही. शेवटी फॉर्म खुल्या प्रवर्गातून भरावा लागला. लांबच्या एका खाजगी कॉलेजात नंबर लागला. तिथली फी ऐकून त्याचे वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "जाऊ दे रे, बघू पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष आलं नाही. आज तो पिकअप चालवतो. मी इथं मेकॅनिकल शिकतो आणि एम-थ्रीची गणितं अडली की अजून वाटतं, हा असता तर पाच मिनिटांत सोडवलं असतं.

आता यात गंमत बघा. पहिल्या पिढीच्या मुलाकडून सरकार पुरावा मागतं तो आजोबांच्या शाळेचा! नियम तसा वाईट हेतूनं केलेला नाही. खोट्या दाखल्यांवर कुणी हक्काची जागा लाटू नये म्हणून २००० साली हा पडताळणीचा कायदा झाला. पण ज्याच्या घरात शाळा पोचलीच नाही, त्याला हा कागद मिळवणं सगळ्यात अवघड जातं. आणि वाट असते, फक्त ती कुणी सांगत नाही. ती वाट पुढे सांगतो.

कागदांचं गणित

इंजिनिअरिंगला यायचं तर सीईटीचा अभ्यास दोन वर्षं करावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. कागदांनाही जवळजवळ तेवढाच वेळ द्यावा लागतो हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून क्रमानं घेऊ.

व्हॅलिडिटी : अर्ज अकरावीतच करायचा, कॉलेजमार्फत, जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे. पुरावा ठराविक तारखेच्या आधीचा असेल तर भक्कम मानतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा, पणजोबा, आत्या, म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं कुणीही चालतं. नातं दाखवायला वंशावळ जोडायची. शाळेचा पुरावा नसेल तर तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, ज्याला गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतात, त्या शोधायच्या. जमिनीचे जुने उतारे आणि फेरफार बघायचे. वडिलांकडच्या नात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम फारच सोपं होतं.

प्रवेशाच्या वेळी नुसती अर्जाची पावती असली तरी फॉर्म भरता येतो. पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते. काही वर्षी सरकार मुदत वाढवून देतं, त्या भरवशावर राहू नये.

नॉन-क्रिमिलेअर : इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाला लागतं. त्यावर वैधतेची तारीख असते. जुनं दाखवून चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकांचं प्रमाणपत्रही असंच, तारीख बघूनच घ्यायचं.

उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास : दोन्ही सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून मिळतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. अर्ज केल्याची पोच जपून ठेवली तर विचारायला आधार राहतो. निकालानंतर सेतूत जत्रा असते. एप्रिलमध्ये, सीईटी झाली रे झाली की, जावं.

नावाचं स्पेलिंग : दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. ही छोटी गोष्ट वाटते, पण शिष्यवृत्ती अडते ती इथंच. आधी दुरुस्त करून घ्यावं.

मोबाईल आणि पासवर्ड : आमच्याकडे बहुतेकांचे फॉर्म नेट कॅफेवाला भरतो. ई-मेल तोच काढतो, पासवर्ड त्याच्याच वहीत. ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर, आणि वडील मुंबईला मार्केटात ओझ्याखाली! माझ्या वेळी एक ओटीपी मिळायला पाऊण तास लागला होता. मुलाच्या स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या ई-मेलवर सगळं असावं आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहिलेला असावा.

ऑप्शन फॉर्म : कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरवर काय टाकतो याला फार महत्त्व. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा पक्की धरतात, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणून 'मित्रानं टाकलं म्हणून मीही टाकलं' असं करू नये. पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. वाचून कळली नाही तर आपल्यासारख्या कुणाला तरी फोन करावा. त्यासाठीच तर आपण आहोत.

पैसे : काय मिळतं आणि कधी मिळतं

'इंजिनिअरिंग म्हणजे लाखात खर्च' हे वाक्य ऐकूनच कितीतरी घरं मागे सरतात. प्रत्यक्षात फीच्या बऱ्याच सवलती आहेत, पण त्यांची नावं गावात पोचत नाहीत.

अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. भटके-विमुक्त, इतर मागास यांच्यासाठी राज्याच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिच्यात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मी त्याच योजनेवर शिकलो. मुलींसाठी तर जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय झाला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. शिवाय प्रत्येक कॉलेजात शिक्षण शुल्क माफीच्या, टीएफडब्ल्यूएसच्या, ५ टक्के जादा जागा असतात. त्या भरतात गुणांवर, अट उत्पन्नाची, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा टाकावा लागतो. हा कोड माहीत नसल्यानं किती मुलांचं नुकसान झालं असेल!

राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम अशा योजना आहेत. सारथी, महाज्योती, बार्टी या संस्था काही वर्गांना सीईटीचं मोफत प्रशिक्षणही देतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली, या फी सवलती कॅपमधून आलेल्यांसाठी असतात. कुणी एजंट 'मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, नंतर स्कॉलरशिप लावू' म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं. दुसरी, पैसे महाडीबीटीवरून आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात आणि उशिरा येतात. पहिल्या दिवशी मात्र हॉस्टेल डिपॉझिट, मेस ॲडव्हान्स, पुस्तकं, ड्राफ्टर, ॲप्रन, सगळं रोख लागतं. फी माफ असलेला मुलगाही या पहिल्या महिन्याच्या खर्चानं कोलमडतो. माझ्या आईनं तेव्हा कानातलं गहाण ठेवलं होतं. मला ते दुसऱ्या वर्षी कळलं.

अभ्यास : सुट्टीतले वीस दिवस

कागद झाले, आता अभ्यास. मराठी माध्यमातून आलेला मुलगा अकरावी-बारावी इंग्रजीतून करतो खरा, पण बहुतेकदा पाठ करून. समज मराठीतच असते. मग इथं आल्यावर प्रोफेसर भराभर बोलायला लागले की तो गप्प होतो, आणि गप्प बसला म्हणून 'वीक' ठरतो.

यावर उपाय म्हणजे इंग्रजी सुधारण्याचा क्लास नव्हे. जे येतं त्याला नवं नाव जोडायचं. बल म्हणजे फोर्स, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, रोध म्हणजे रेझिस्टन्स, विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स. दोनशे पानी वहीत रोज दहा शब्द, शेजारी सूत्र आणि एकक. वीस दिवसांत दोनशे शब्द होतात. पहिल्या वर्षाच्या ओरलला त्यातलेच निम्मे येतात.

गणितात त्रिकोणमितीची सूत्रं, लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनचे साधे प्रकार आणि व्हेक्टर, एवढंच परत एकदा हातानं सोडवायचं. एम-वनमध्ये बरीच मुलं अडखळतात ती नव्या भागात नाही, या जुन्या भागात.

ग्राफिक्सची भीती सगळ्यांना वाटते. त्यासाठी मी एक युक्ती सांगतो. कपड्याच्या साबणाची वडी घ्या आणि सुरीनं तिचा एक कोपरा कापा. आता ती समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसते ते तीन वेळा वेगवेगळं काढा. झालं ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन! ज्या मुलानं सुताराच्या किंवा गवंड्याच्या हाताखाली सुट्टीत काम केलं आहे, त्याला हे शहरातल्या मुलापेक्षा लवकर जमतं. हे त्याला कुणीतरी सांगायला मात्र हवं.

न सांगितलेले नियम

प्रत्येक कॉलेजात काही नियम लिहिलेले असतात आणि काही सगळ्यांनी आपोआप ओळखायचे असतात. पहिल्या पिढीचा मुलगा या दुसऱ्या प्रकारात मार खातो. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं तर घाबरून वर्गात यायचं बंद करायचं नसतं, क्लास टीचरना भेटायचं असतं. एटीकेटी म्हणजे नापास होऊन घरी जाणं नव्हे. बोनाफाईड ऑफिसात मागितलं की मिळतं, त्यासाठी ओळख लागत नाही. ओरलला उत्तर येत नसेल तर तसं सांगून जे येतं तेवढं बोलावं. लायब्ररीत बुक बँक असते. आजारी पडलं तर रेक्टरांना रात्री उठवलं तरी चालतं.

मी पहिल्या सेमिस्टरला एकाही सरांच्या केबिनमध्ये गेलो नाही. मला वाटायचं, आत बोलावल्याशिवाय जायचं नसतं. शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत जाणं म्हणजे छडी, एवढंच ठाऊक होतं ना!

याबद्दलचाही एक प्रयोग वाचनात आला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नव्या मुलांपुढे सीनियर मुलांना तासभर बोलायला बसवलं. एका गटापुढे सीनियर नुसतं कॉलेज जीवनाबद्दल बोलले. दुसऱ्या गटापुढे त्यांनी आपली घरची परिस्थिती सांगितली, तिच्यामुळे काय अडलं आणि त्यातून कसा मार्ग काढला तेही सांगितलं. वर्षाअखेरीस दुसऱ्या गटात पहिल्या पिढीची मुलं आणि इतर मुलं यांच्या गुणांतलं अंतर ६३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. ही मुलं शिक्षकांकडे मदत मागायलाही जास्त गेली. एक तास, काही खुर्च्या आणि खरं बोलणारे काही सीनियर, एवढंच त्याला लागलं.

आपण फ्रेशर्स पार्टीत नव्या मुलांना गाणी म्हणायला लावतो. त्याच दिवशी एक तास असं बोललो तर?

हे आपल्या मातीतलंच काम आहे

कुणाला वाटेल ही परदेशी कल्पना आहे. मुळीच नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभारायला सुरुवात केली, ती खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नसते हे ओळखूनच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. 'कमवा आणि शिका' हा मंत्र तिथलाच. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलामुलींना राहण्याजेवणाचा आधार देते आहे.

अलीकडची उदाहरणं तर आपल्याच वयाच्या मुलांची आहेत. पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' सुरू केलं आणि गरीब, आदिवासी मुलांना मेडिकल प्रवेश परीक्षेसाठी स्वतः शिकवायला लागले. राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये यवतमाळमधून सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या नामवंत संस्थांपर्यंत पोचवण्याचं काम करते. मेडिकलची मुलं अभ्यास सांभाळून हे करू शकतात, तर आपण का नाही?

आपण काय करायचं?

फार मोठी संस्था काढायची गरज नाही. एका सीनियरनं आपल्या तालुक्यातल्या एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्यायची. पैसे द्यायचे नाहीत, वेळ द्यायचा. वर्षाचं वेळापत्रक असं :

दिवाळीची सुट्टी : आपल्या जुन्या शाळेत, ज्युनिअर कॉलेजात जाऊन अकरावी-बारावीच्या मुलांशी तासभर बोलायचं. व्हॅलिडिटीचा अर्ज कुणी केला नाही ते विचारायचं.

एप्रिल-मे : सीईटी झाल्यावर आपल्या मुलाची फाईल तपासायची. वर दिलेली यादी समोर धरून एकेक कागद बघायचा.

जून-जुलै : कॅपचा फॉर्म आणि ऑप्शन फॉर्म भरताना फोनवर किंवा शेजारी बसायचं. आदल्या वर्षीचे कटऑफ बघायला शिकवायचं. निर्णय त्याचा, माहिती आपली.

पहिला महिना : हॉस्टेलमध्ये 'सामान बँक' ठेवायची. फायनल इयरवाले जाताना ड्राफ्टर, शीट कंटेनर, ॲप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, जुनी पुस्तकं भंगारात देतात किंवा रूमवर टाकून जातात. ती एका कपाटात ठेवली तर दहा-बारा मुलांचा पहिल्या महिन्याचा खर्च वाचेल.

सरांना आणि ऑफिसला एक नम्र विनंती. शिष्यवृत्तीचा हप्ता यायचा आहे एवढ्या कारणावरून कुणाचं हॉल तिकीट अडू नये. आणि विद्यार्थी काउंटरवर गोंधळला तर 'उद्या ये' म्हणण्याआधी कुठला कागद हवा आहे तो चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्या 'उद्या ये'ला कुणाच्या तरी वडिलांचा एक दिवसाचा रोज मोडतो.

आणि शेवटी

माझ्या मित्राला एक धाकटी बहीण आहे. आम्ही बारावी झालो तेव्हा ती दहावीत गेली होती. मी सेकंड इयरला असताना, ती अकरावीत गेली त्या दिवाळीत, मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "काका, आजोबा नसतील गेले शाळेत, पण त्यांचा एखादा भाऊ?" काकांनी बराच वेळ आठवून सांगितलं, एक चुलता दोन वर्षं बसला होता शाळेत, मास्तरनं धरून नेला होता म्हणे. आम्ही तिघं, मी, मित्र आणि त्याची बहीण, गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर बाईंनी जुनं कपाट उघडून दिलं. वाळवीनं कडा खाल्लेलं जनरल रजिस्टर होतं. दुपारी तीनच्या सुमाराला नाव सापडलं. १९५७ सालची नोंद, जातीच्या रकान्यासकट. बोट ठेवलं ते माझ्या मित्रानं.

बहिणीला बारावी व्हायच्या आधी व्हॅलिडिटी मिळाली. या वर्षी ती कॉम्प्युटरला फर्स्ट इयरला आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. तिला सोडायला तिचा भाऊच गेला होता, पिकअप घेऊन. ट्रंक मागे हौद्यात.

तिच्या प्रमाणपत्रावर आता त्यालाही व्हॅलिडिटी मिळू शकते. सीईटी परत देता येते. मी दोनदा सांगून झालं. तो हसतो आणि विषय बदलतो. मला कळतं. घरचा हप्ता आता त्याच्या गाडीवर चालतो. ती नोंद १९५७ पासून त्याच कपाटात होती. अकरावीत कुणी त्याला एवढंच विचारलं असतं, 'आजोबांचा भाऊ?' तर!

म्हणून मित्रहो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा एकच करा. आपल्या गल्लीतला, वस्तीवरचा, शाळेतला एखादा मुलगा अकरावी-बारावीला असेल. त्याला हाक मारा. त्याची फाईल बघायला मागा आणि विचारा, "व्हॅलिडिटीचा अर्ज केलास का रे?"

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी